जुन्या एसयूव्हीतला वायरलेस चार्जर बदलून घेताना : तुर्भ्यातल्या एका कामाचे परीक्षण

२०१८-१९च्या सुमारास आपल्याकडे मध्यम किमतीच्या एसयूव्हींच्या वरच्या व्हेरियंटमध्ये कंपनीनेच बसवलेला वायरलेस चार्जर येऊ लागला आणि शोरूममध्ये गाडी दाखवताना विक्रेते त्या खणात स्वतःचा फोन ठेवून तो आवर्जून दाखवत असत. आज त्या गाड्यांचे इंजिन, एसी आणि सस्पेन्शन उत्तम चालते, पण गिअरच्या पुढच्या त्या खणाचा उपयोग बहुतेक घरांत गॉगल, किल्ल्या आणि पार्किंगच्या पावत्या ठेवण्यापुरता उरला आहे. आमच्या २०१९च्या गाडीतला हा चार्जर आम्ही अलीकडे बदलून घेतला. ज्यांच्याकडे अशीच जुनी, पण अजून बरीच वर्षे वापरायची गाडी आहे, त्यांना या कामात नेमके काय पाहावे, कोणत्या गोष्टीसाठी पैसे मोजावेत आणि कोणत्या आकड्यांना भुलू नये, हे कळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जुना चार्जर बिघडलेला नव्हता. तो त्याच्या काळानुसार बरोबरच काम करत होता आणि अडचणही तीच होती. वायरलेस पॉवर कन्सॉर्टियम या संस्थेचे ‘क्यूआय’ हे मानक पाळणाऱ्या चार्जरची मूळ पातळी ५ वॉटची, आणि आमच्या मॉड्यूलवरही तेवढेच लिहिलेले होते. गाडी नवी असताना फोन केबलनेच म्युझिक सिस्टिमला जोडावा लागत असे, म्हणजे चार्जिंग केबलनेच होत होते आणि खणाची गरज फारशी पडतच नव्हती. पुढे आम्ही वायरलेस कारप्लेचा (आयफोनवरचा नकाशा आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयीचा) छोटा अडॅप्टर लावला, केबल गेली आणि चार्जिंगचा सगळा भार या पाच वॉटच्या खणावर आला. नकाशा, जीपीएस, मोबाइल डेटा आणि गाडीशी सतत जोडलेले वायफाय हे सगळे मिळून फोन जवळजवळ तेवढीच वीज खातो. त्यामुळे ठाण्याहून कळवा-विटाव्यामार्गे ठाणे-बेलापूर रस्त्याने कार्यालयापर्यंत पोहोचायला लागणाऱ्या तासाभरात ४० टक्क्यांवर ठेवलेला फोन फार तर ४३-४४ टक्क्यांपर्यंत जायचा, आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचून वाहतूक तुंबली की उतरताना होता त्याहून कमीच दिसायचा. पावसाळ्यात त्या रस्त्याने जाणाऱ्यांना हा खोळंबा वेगळा सांगायला नको.

दुसरे कारण फोनच्या आकारात आहे. सहा-सात वर्षांपूर्वीच्या फोनला बेतून केलेल्या खणात आजचा मोठा फोन पूर्ण आडवा बसत नाही. मागे वर आलेला कॅमेऱ्याचा चौकोन खणाच्या कडेला टेकतो आणि फोनचे एक टोक उचलले जाते. वायरलेस चार्जिंगमध्ये चार्जरची कॉइल (तांब्याच्या तारेची गुंडाळी) आणि फोनमधली कॉइल यांच्यात काही मिलिमीटरचेच अंतर चालते आणि दोन्ही कॉइलची केंद्रे एकमेकांवर यावी लागतात. केंद्र जरा सरकले की तेवढीच वीज पोहोचवायला चार्जर जास्त जोर लावतो आणि तो जोर उष्णता होऊन फोनच्या पाठीत शिरतो. फोन तापला की बॅटरीच्या संरक्षणासाठी तो स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो. आयफोनच्या बाबतीत तर अ‍ॅपलने स्पष्ट केले आहे की फोन फार गरम झाल्यास ८० टक्क्यांच्या पुढचे चार्जिंग थांबवले जाऊ शकते, आणि फोन वापरण्यासाठी आजूबाजूचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सियस असावे. बेलापूरला उघड्यावर उभी केलेली गाडी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उघडली की आतली हवा ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेली असते. म्हणून माझे ठाम मत असे आहे की गाडीतला चार्जर निवडताना वॉटचा आकडा दुय्यम मानावा. फोन जागेवर नेमका बसतो का आणि तापलेली हवा बाहेर जाते का, हे आधी पाहावे.

दुकानांत मात्र उलटा अनुभव येतो. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने ‘बदलून मिळेल’ एवढेच सांगितले आणि दर काढला तो नऊ हजारांच्या वरचा, तोही तंतोतंत जुन्याच क्षमतेच्या भागाचा. ठाण्यातल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५० वॉट’ छापलेले मॉड्यूल पुढे करण्यात आले. माझा फोन कोणता, हे कोणी विचारलेच नाही. इतक्या जास्त वॉटचे वायरलेस चार्जिंग हे काही फोन कंपन्यांच्या स्वतःच्या पद्धतीवर चालते आणि त्याच कंपनीच्या फोनला त्याच कंपनीच्या चार्जरवर ते मिळते. इतर फोन त्या मॉड्यूलवर ठेवला तर तो सामान्य क्यूआयच्या पातळीवरच उतरतो. साध्या क्यूआय चार्जरवर आयफोन जास्तीत जास्त ७.५ वॉटच घेतो, खोक्यावर काहीही छापलेले असो.

शेवटी काम केले ते नवी मुंबईतल्या तुर्भ्यात, एपीएमसी बाजाराच्या पलीकडे गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या एका छोट्या दुकानात. तिथे मालवाहू गाड्यांचे काम जास्त चालते आणि आमची गाडी लागली तेव्हा शेजारी एका पिकअपचा डॅशबोर्ड उघडलेला होता. दुकान चालवणाऱ्या वायरमनने पहिला प्रश्न विचारला तो असा : “मॅडम, फोन कुठला आहे आणि कव्हर कुठले वापरता?” दुसरा प्रश्न होता, गाडीत आणखी कोणाचा फोन चार्ज होतो. या दोन प्रश्नांवरच माझा विश्वास बसला, कारण पुढची सगळी निवड या उत्तरांवरच ठरते.

माझा फोन आयफोन १५ आहे. त्याच्या पाठीत चुंबकांचे कडे असते आणि तो ‘क्यूआय२’ या नव्या मानकावर चालतो. हे मानक २०२३च्या जानेवारीत जाहीर झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची उपकरणे बाजारात येऊ लागली. अ‍ॅपलने २०२०मध्ये आयफोन १२बरोबर आणलेल्या मॅगसेफ या चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जिंगच्या रचनेवरच ते आधारलेले आहे. चार्जरमधले चुंबक फोनला खेचून कॉइलच्या बरोबर मधोमध बसवतात, त्यामुळे १५ वॉटपर्यंत वीज मिळते आणि वाया जाणारी उष्णता कमी होते. आयफोन १३ आणि १४ यांना ही सोय आयओएस १७.२पासून, तर आयफोन १२ला १७.४पासून मिळाली, तेव्हा जुना आयफोन असणाऱ्यांनी आधी सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का ते पाहून घ्यावे. क्यूआय२चे २५ वॉटचे पुढचे रूपही २०२५मध्ये आले, परंतु माझा फोन १५ वॉटच्या पुढे जात नाही आणि तसा चार्जर घेऊन मला काही उपयोग नव्हता. वायरमनने तो सुचवलाही नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. गिअरभोवतीची चौकट प्लास्टिकच्या पातळ पट्टीने क्लिपा सोडवत काढली गेली. स्क्रू ड्रायव्हर घालून कडा चेपल्या गेल्या नाहीत, हे मी जवळ उभी राहून पाहिले. जुने मॉड्यूल बाहेर आले तेव्हा त्यावरची रबरी चटई चिकट झालेली होती. चटईच्या खालून दसऱ्याच्या पूजेतल्या झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, भरपूर धूळ आणि एक रुपयाचे नाणे निघाले. नाणे पाहून वायरमनने फोन मधूनच चार्ज व्हायचा थांबत होता का, असे विचारले, आणि खरोखरच वळणावर कधी कधी तसे होत असे. चार्जर आणि फोन यांच्यामध्ये धातूची वस्तू आली तर ती तापू नये म्हणून क्यूआय चार्जर वीज थांबवतो; आमचे नाणे चटईखाली सरकत राहायचे आणि चार्जर त्याला कधी ओळखायचा, कधी नाही. ज्यांना चार्जर बदलायचा नाही, त्यांनीही निदान ही चटई उचलून खाली काय साठले आहे ते एकदा अवश्य पाहावे.

बाहेर काढलेले मॉड्यूल हातात घेऊन पाहण्यासारखे होते. तांब्याच्या बारीक तारांच्या जुडीची गुंडाळी, तिच्याखाली फेराइटचा काळा पत्रा आणि मागे छोटा सर्किट बोर्ड. पंखा नाही, हवा जायला एक भोकही नाही. एसीची हवा त्या खणात पोहोचण्याची काही व्यवस्थाच नव्हती.

नवे क्यूआय२ मॉड्यूल मूळ खणाच्या खालून बसवले. मूळ प्लास्टिकचा तळ जाड होता आणि तो तसाच ठेवला असता तर चुंबकांची पकड आणि चार्जिंग दोन्ही कमकुवत झाले असते. म्हणून तळाला बरोबर चुंबकी कड्याच्या मापाचे गोल भोक पाडून मॉड्यूलचा पृष्ठभाग खणाच्या पातळीला आणला गेला आणि वर जुन्या चटईऐवजी अगदी पातळ आवरण बसवले. फोन ठेवला की कट्‌ असा हलका आवाज येतो आणि तो जागेवर घट्ट बसतो. खड्ड्यातून गाडी गेली तरी सरकत नाही. कॅमेऱ्याचा उंचवटा खणाच्या कडेला टेकू नये म्हणून मॉड्यूल त्या कडेपासून थोडे अलीकडे सरकवून बसवले आहे. हे काम तयार खोक्यातल्या कोणत्याच वस्तूत मिळत नाही आणि माझ्या मते या बिलातली खरी किंमत याच कारागिरीची आहे.

वीजपुरवठ्याबाबतही हे दुकान सावध निघाले. जुन्या गाडीतला यूएसबी पोर्ट साधारण ५ व्होल्ट आणि २.१ अँपिअरचा असतो, म्हणजे दहा वॉटच्या जेमतेम वर. पंधरा वॉटचा वायरलेस चार्जर त्यावर चालवला तर तो आपोआप खालच्या पातळीवर येतो, कारण वाटेत वाया जाणारी वीजही त्याला वरून लागते. त्यासाठी कन्सोलच्या आत १२ व्होल्टवरून यूएसबी पॉवर डिलिव्हरी (यूएसबीतूनच जास्त वीज देण्याची पद्धत) देणारा कन्व्हर्टर स्वतंत्रपणे बसवला. गाडीच्या मूळ हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, एकही वायर कापली नाही. फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप (असलेल्या फ्यूजच्या जागेवरून नवी लाइन काढून देणारी छोटी जोडणी) लावून, वेगळा छोटा फ्यूज देऊन, किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवरून वीज घेतली. गाडी बंद केली की चार्जरही बंद होतो, त्यामुळे बॅटरी उतरण्याची भीती नाही. जुन्या मॉड्यूलचा कपलर (वायरींचा जोड) टेप गुंडाळून तसाच जागेवर ठेवला आहे. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे, त्यांनी वायर कापू देणाऱ्या दुकानाकडे जाऊच नये, कारण पुढे गाडीत कोणतीही इलेक्ट्रिकल तक्रार आली तरी बोट त्या कापलेल्या वायरकडेच दाखवले जाईल.

शेजारच्या पिकअपच्या निमित्ताने एक गोष्ट कळली, तीही नोंदवते. पिकअप आणि छोट्या मालवाहू गाड्या आपल्या कारप्रमाणेच १२ व्होल्टच्या असतात, परंतु मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था असते. असे असताना फक्त १२ व्होल्टसाठी बनलेला कन्व्हर्टर ट्रकला लावला तर तो जळतो. म्हणून ट्रकमध्ये हे काम करणाऱ्यांनी कन्व्हर्टरवर १२ ते २४ व्होल्ट असे लिहिलेले आहे ना, हे स्वतः वाचून घ्यावे.

आता निकाल. तोच रस्ता, तोच तासाभराचा प्रवास, नकाशा आणि गाणी दोन्ही चालू, आणि ४० टक्क्यांवर ठेवलेला फोन बेलापूरला उतरताना आता साठीच्या पुढे असतो. सकाळी एसी चालू असताना फोनची पाठ कोमट लागते, तापत नाही. नव्या मॉड्यूलला लहान पंखा आहे आणि कन्सोलच्या आतली हवा बाहेर काढायला मागच्या बाजूला फट ठेवली आहे. वाहतूक थांबलेली असताना, संगीत बंद असेल तर पंख्याची बारीक घरघर ऐकू येते. मला तिचा त्रास होत नाही, पण शांत गाडी आवडणाऱ्यांना ती खटकू शकेल. उन्हात तापलेल्या गाडीत पहिली पंधरा-वीस मिनिटे चार्जिंग हळू होते आणि गाडी थंड झाल्यावरच वेग घेते. हे कोणत्याही चार्जरने टळणारे नाही, तेव्हा तशी अपेक्षाही ठेवू नये.

माझ्या नवऱ्याच्या फोनची गोष्ट वेगळी आहे. त्याचा अँड्रॉइड फोन वायरलेस चार्जिंगचा असला तरी त्यात चुंबक नाहीत, त्यामुळे नव्या गोल जागेवर तो वळणावर घसरतो आणि चार्जिंग जुन्या चार्जरइतकेच हळू होते. चुंबकी कडे असलेले कव्हर घेतल्यावर फोन जागेवर राहू लागला, पण वेग मात्र फारसा वाढला नाही, कारण १५ वॉटचा चुंबकी क्यूआय२ स्वतः फोननेही पाळावा लागतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय आता कुठे येत आहे : २०२५च्या गॅलेक्सी एस२५ मालिकेत ती चुंबकी कव्हर लावल्यावर मिळते, तर त्याच वर्षीच्या पिक्सेल १०मध्ये चुंबक फोनमध्येच आहेत. घरात सगळ्यांचे फोन बिनचुंबकाचे असतील तर आज या कामावर खर्च करू नये. चांगला पॉवर डिलिव्हरीचा कार चार्जर आणि एक केबल चौथ्या हिश्शाच्या पैशांत याहून जलद काम करतात.

दोन गोष्टी गेल्या, त्याही सांगायला हव्यात. पूर्वी फोन खणात विसरून गाडी बंद केली की मीटरवर सूचना येत असे. ती सूचना मूळ मॉड्यूल गाडीच्या संगणकाशी बोलत असल्यामुळे येत होती आणि नवे मॉड्यूल तसे बोलत नाही. वायरमनने काम हातात घेण्यापूर्वीच हे स्पष्ट सांगितले होते. खणाच्या कडेचा चार्जिंगचा केशरी दिवाही आता लागत नाही. मात्र जुन्या चार्जरची एक खोड या बदलात सुटली. दार उघडले किंवा गाडी स्मार्ट की शोधू लागली की चार्जिंग काही क्षण थांबत असे, कारण किल्लीचा शोध घेणाऱ्या लहरी सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या आणि साध्या क्यूआयच्या ११० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातल्या. एकमेकांना अडथळा होऊ नये म्हणून गाडीच चार्जर थांबवत असे. क्यूआय२चे चुंबकी चार्जिंग ३६० किलोहर्ट्झवर, म्हणजे किल्लीच्या लहरींपासून बरेच दूर चालते. नव्या मॉड्यूलवर फोन असताना किल्ली ओळखण्यात गाडीला आजवर अडचण आलेली नाही. तरीही काम संपल्यावर दुकानातून निघण्याआधी, चार्जिंग चालू ठेवून किल्ली खिशात घेऊन गाडी बंद-चालू करून पाहावी, आणि दारेही उघडून-लावून पाहावीत.

एक सूचना विशेषतः लोकलने किंवा मेट्रोनेही फिरणाऱ्यांसाठी. फोनच्या कव्हरमध्ये बँकेचे किंवा प्रवासाचे कार्ड ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. ते कार्ड फोन आणि चार्जर यांच्यामध्ये आले तर चार्जिंग अडते, कार्ड तापते आणि त्यातली चिप खराब होऊ शकते. गाडीत बसल्यावर ते काढून ठेवायला हवे.

सगळे मिळून खर्च साडेपाच हजारांच्या आसपास आला. त्यात मॉड्यूल, कन्व्हर्टर, फ्यूज टॅप आणि मजुरी आली, आणि मॉड्यूलवर एक वर्षाची वॉरंटी बिलावर लिहून मिळाली. मॉड्यूल खरोखर क्यूआय२ प्रमाणित आहे का, हे वायरलेस पॉवर कन्सॉर्टियमच्या संकेतस्थळावरच्या प्रमाणित उत्पादनांच्या यादीत मॉडेल क्रमांक टाकून मी दुकानातच तपासले. नुसती खोक्यावरची खूण पुरेशी मानू नये, कारण ‘मॅग्नेटिक’ असे लिहिलेला प्रत्येक चार्जर क्यूआय२ असतोच असे नाही. कामाला दुपारचे तीन तास लागले आणि त्यातला बराच वेळ तळाचे भोक मापात आणण्यात गेला. चौकट परत बसवल्यावर एका कोपऱ्यातून टकटक आवाज येत होता. वायरमनने स्वतःच गाडी गल्लीत फिरवून तो ऐकला, क्लिप बदलली आणि मगच बिल केले.

जुने मॉड्यूल त्याने पिशवीत घालून परत दिले. मूळ कपलर शाबूत असल्यामुळे गाडी विकताना ते पुन्हा जोडता येईल, मात्र भोक पाडलेला खणाचा तळ तेव्हा नवा घ्यावा लागेल. तो प्लास्टिकचा भाग सुटा मिळतो का, हे गाडी देण्यापूर्वी विचारून ठेवावे. आमच्या गाडीचा मिळतो.